स्टॉटीचं शेपूट

कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मेव्हिस हेस्लॉपचे कुत्रे पाहिलेले नसणार. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या वेदरहोप गावच्या शेवटच्या गल्लीत, शेवटच्या घरात तिने उभा जन्म व्हिपेट पाळले, आणि त्यांतल्या एकाचंही शेपूट तिच्या मर्जीशिवाय वर गेलं नाही.

आता व्हिपेटचं शेपूट वर का जाऊ नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा कुत्रा अंगाने सडपातळ, कमरेत तर दोन हातांच्या मुठीत मावेल असा. तो उभा राहिला की पाठीची कमान उतरत उतरत एका रेघेत शेपटापर्यंत गेली पाहिजे, शेपूट मागच्या पायांत गपगार लोंबलं पाहिजे आणि कान मागे दुमडलेले पाहिजेत. शेपूट उचललं, कान ताठ झाले, की रेघ मोडलीच. प्रदर्शनाच्या रिंगणात, म्हणजे आमच्या भाषेत रिंगमध्ये, परीक्षक नाक मुरडून पुढच्या कुत्र्याकडे जातो. आणि मेली गंमत अशी की व्हिपेटचं शेपूट असं वर जातं ते बहुतेक वेळा आनंदाने. जगात कुत्र्याने शेपूट हलवलं की लोकांना बरं वाटतं. आम्ही कुत्रेवाले मात्र कपाळाला हात लावतो.

मेव्हिसची युक्ती अगदी साधी होती. हात पुढे, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली. तोंडातून अवाक्षर नाही. हा हात तिने कुत्र्यांसाठी शोधला नव्हता, तो शाळेतला होता. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती तरुण असताना शिरली ती म्हातारी होऊन बाहेर पडली. दुपारी जेवायला पोरं आरडाओरडा करत घुसायची, मेव्हिस एका हातात डाव धरून दुसरा हात असा खाली आणायची, की सगळी पंगत चिडीचूप. आज ती पोरं स्वतः आईबाप झालीत, पण दुकानात मेव्हिसने खालची पिशवी उचलायला हात नुसता खाली नेला तरी आजूबाजूचे दोघेतिघे बोलायचे थांबतात.

घरीही तोच हात चालायचा. तिचा नवरा विल्फ खाणीत होता. खाण बंद पडल्यावर त्याने परसात लीक लावले. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ, मनगटाएवढा जाड. आमच्याकडे त्याच्या स्पर्धा भरतात आणि त्यापायी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तर एका वर्षी विल्फचे लीक पहिले आले. हा पठ्ठ्या चषक डोक्यावर धरून गल्लीतून नाचत आला. "मेव्हिस! अगं ए मेव्हिस! पहिला! पहिला आलो!" मेव्हिस दारात उभी. हात खाली. "हळू. लोक बघतायत. आणि बूट काढ आधी, चिखल आहे." विल्फने बूट काढले, चषक कपाटावर ठेवला आणि जेवायला बसला. त्यानंतर तो आणखी दोनदा जिंकला, पण तेव्हा मागच्या दाराने घरात आला.

तिचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिच्या आईची शिकवणच तशी होती. खाणीच्या गावात फार मोठ्याने हसू नये, दैव ऐकतं, असं ती म्हणायची. मेव्हिस ते शिकली आणि हाताखाली आलेल्या सगळ्यांना शिकवत गेली.

विल्फ गेला त्याच हिवाळ्यात तिच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यांतलं एक बदामी रंगाचं, थेट आमच्या बेकरीतल्या स्टॉटीसारखं. स्टॉटी म्हणजे तो जाड, चपटा पाव, मधे फाडून त्यात हॅम घालतात तो. म्हणून त्याचं नाव स्टॉटी. कागदोपत्री त्याचं नाव राजघराण्यातल्यासारखं लांबलचक होतं, पण ते घेऊन कुणी हाक मारतं का?

तिच्या हातून निपजलेला हा सर्वांत देखणा कुत्रा. हे तिचं एकटीचं मत नव्हतं. गावातले तिचे हाडवैरी, म्हणजे दुसरे व्हिपेट पाळणारे, तेही कुरकुरत का होईना कबूल करायचे. खोट एकच, फार आनंदी. मेव्हिस कोपऱ्यावरून पाव घेऊन आली तरी तो जन्मांतरी भेटल्यासारखा नाचायचा. शेपूट असं फिरायचं की दाराशी ठेवलेल्या छत्र्या पडायच्या. रिकाम्या घरात कुणीतरी आपली इतकी वाट बघतंय हे पाहून मेव्हिस उंबऱ्यातच थांबायची, आणि तिचा हात खाली जायचा. हात दिसला रे दिसला की स्टॉटीचा पुतळा. शेपूट पायांत, कान मागे, डोळे तिच्या हातावर. मग तिच्या खिशातून वाळवलेल्या कलेजीचा तुकडा निघायचा, तो तोंडात पडला की खेळ संपला.

"अगं, घरी तरी हलवू दे की त्याला!" डॉरीन म्हणायची. डॉरीन टुलिप ही शेजारीण. शाळेत मेव्हिसच्या हाताखाली बटाटे सोललेली, आणि जिभेला हाड म्हणून नाही. "दारात काय परीक्षक बसलाय तुझ्या?"

"घरी हललं की रिंगमध्येही हलतं. कुत्र्याला काय कळतं घर कुठलं नि रिंग कुठली?"

"त्याला कळतं गं. तुलाच कळत नाही."

मेव्हिसने तिलाही हात केला. डॉरीन ही गावातली एकमेव व्यक्ती, जिच्यावर तो चालत नसे.

स्टॉटी दोन वर्षांचा झाला आणि मेव्हिसचा खुबा गेला. डॉक्टरांनी धातूचा बसवला. चालणं जमायला लागलं, पण रिंगमध्ये कुत्र्याबरोबर धावावं लागतं, ते कुठून जमणार? तेव्हा तिने स्टॉटी कर्स्टीला देऊन टाकला. कर्स्टी जवळच्या डार्लिंग्टन गावची, तिशीतली, दातांच्या दवाखान्यात कामाला. हात हलका, पाय चपळ, व्हिपेटांचं वेड लहानपणापासून. तिने मागितला नव्हता हो कुत्रा. मेव्हिसनेच तिला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाली, "असा कुत्रा माझ्या सोफ्यावर लोळत ठेवणं पाप आहे. ने तू."

"पस्तावशील," डॉरीनने तेव्हाच सांगितलं होतं.

निघताना कर्स्टीने विचारलं, "मावशी, याचं शेपूट एवढं छान कसं राहतं गं? काही खूणबीण शिकवलीयस का?"

"छे गं," मेव्हिस म्हणाली. "रक्तातच आहे."

कशाला म्हणाली तसं? तोऱ्यापायी, दुसरं काय! स्वयंपाकीण सगळी पाककृती सांगते आणि एक मसाला मनात ठेवते, तसं झालं. शिवाय कुत्रा दिला, निदान हात तरी आपल्यापाशी राहू दे, असंही तिच्या मनात असेल.

आमच्या कुत्रेवाल्यांत रीत अशी की कुत्रा दुसऱ्या घरी दिला की जुन्या मालकाने तोंड दाखवायचं नाही. तो तिकडे रुळेपर्यंत फोनवरून आवाजसुद्धा ऐकवायचा नाही. मेव्हिसने रीत पाळली. मग कर्स्टीला दूर लिंकनला नोकरी लागली, ती तिकडे गेली, आणि काही महिन्यांची दोन वर्षं झाली. नाताळला फोटो यायचा. कर्स्टीच्या मांडीवर स्टॉटी, डोक्याला लाल फीत, चेहऱ्यावर तक्रार. मेव्हिस तो फोटो विल्फच्या चषकाला टेकवून ठेवायची.

दर मार्चमध्ये आमच्या व्हिपेट क्लबची बस बर्मिंगहॅमला कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला जाते. एरवी लोक जातात ते मौजेखातर, बायका दुकानं फिरायला आणि पुरुष दुसऱ्यांच्या कुत्र्यांना नावं ठेवायला. या वर्षी मात्र बस भरली ती स्टॉटीमुळे. वेदरहोपमध्ये जन्मलेला कुत्रा आजवर एवढ्या मोठ्या रिंगमध्ये कधी गेलाच नव्हता.

जाण्याआधी कर्स्टीचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर ती अडखळली. "मावशी, तू ये हं नक्की. पण… रागावू नकोस गं. रिंगपाशी त्याला दिसू नकोस. तुला बघितलं ना, तर शेपूट आभाळाला जाईल त्याचं. मी दोन वर्षं राबतेय या दिवसासाठी."

"मला काय शिकवतेस, पोरी? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी रिंगा बघतेय. खांबामागे उभी राहीन."

"शपथ?"

"शपथ कसली त्यात! सांगितलं ना."

पण खरं सांगायचं तर मेव्हिस चषक बघायला निघालीच नव्हती. तिला एकदा ते शेपूट वर गेलेलं बघायचं होतं, स्वतःसाठी. आपण इतकी वर्षं ज्याला खाली बसवलं तो आनंद अजून आहे का, की दोन वर्षांत विझला, एवढंच तिला बघायचं होतं. हे तिने डॉरीनलाही सांगितलं नाही. मनात आलं तेव्हा स्वतःलाही गप्प केलं.

बस पहाटे सुटली. क्लिफ, म्हणजे आमच्या क्लबचा चिटणीस, पुढे माईक धरून उभा. माईक मिळाला की तो सोडत नाही. "मंडळी, गाडी वाटेत एकदाच थांबेल. ज्यांनी दोन दोन मग चहा ढोसलाय त्यांनी आपापल्या जबाबदारीवर—"

"क्लिफ, गाडी थांबायची तेव्हा थांबेल. तुझं तोंड कधी थांबणार ते सांग!" डॉरीन मागून ओरडली, आणि गाडी हसली.

अंड्याच्या सँडविचचा वास सगळ्या बसभर. कुणी स्टॉटीच्या रंगाचा लोकरी मफलर विणून आणलेला, कुणी चादरीवर रंगवून फलक केलेला. क्लिफ मेव्हिसच्या सीटपाशी आला. "काय मग, जिंकला तर काय करणार?"

"घरी जाऊन चहा करीन."

"अगं, आज तरी जरा नाच!"

"खुबा धातूचा आहे, गंजेल."

क्लिफ हसत पुढे गेला. डॉरीनने मात्र तिच्याकडे निरखून बघितलं. "झोपली नाहीस ना रात्री?"

"झोपले की."

"खोटारडी," डॉरीन म्हणाली आणि तिच्या हातात सँडविच कोंबलं. मेव्हिसने ते चांदीच्या कागदासकट खिशात टाकलं.

प्रदर्शनाच्या त्या दालनांत गेलं की माणसाला आपण कुत्रा नसल्याचं वाईट वाटतं. कुत्र्यांसाठी गाद्या, कुत्र्यांसाठी रेनकोट, कुत्र्यांसाठी केक. आमची मंडळी चादर फडकवत व्हिपेटांच्या रिंगपाशी पुढच्या खुर्च्या धरून बसली. मेव्हिस मागे एका जाड खांबाआड उभी राहिली. बाजूला कुत्र्यांचे स्वेटर विकणारा ठेला होता, त्याने तिला दोनदा विचारलं, "कुत्र्याचं माप काय, आजी?"

"माझ्याकडे कुत्रा नाही," ती म्हणाली. ते तिने असं म्हटलं की बिचारा हातातल्या स्वेटरची घडी घालायला लागला.

बातम्या आणायचं काम डॉरीनकडे. ती रिंगपाशी जायची, बघायची आणि धापा टाकत खांबामागे यायची.

"टेबलावर घेतला. परीक्षक बाई आहे, नाक लांब, पण हात चांगला. दात बघितले, खांदे बघितले."

"शेपूट?"

"खाली."

"कान?"

"मागे. अगं, दृष्ट लागेल असा दिसतोय. अंगावर भरलाय छान. आता पळवतायत."

"कसा पळतोय?"

"तुला काय सांगू! लोणी वितळावं तसा."

"आणि कर्स्टी?"

"ती पांढरीफटक पडलीय. मी जाते, मला दिसत नाही इथून."

प्रत्येक फेरीला शेपूट खालीच. मेव्हिस मान हलवायची, वा म्हणायची. किती शहाणा झालाय, तिने मनाशी म्हटलं. किती छान विसरलाय मला.

शेवटी पाच कुत्रे उरले. डॉरीन गेली ती परत येईना. रिंगच्या दोरीला चिकटून ती स्वतःचंच नाव विसरली होती. टाळ्या वाजायच्या, थांबायच्या, पुन्हा वाजायच्या, आणि खांबामागे मेव्हिसला काही कळत नव्हतं. कर्स्टीला दिलेला शब्द तिला आठवत होता. अगदी लख्ख आठवत होता, हे सांगितलंच पाहिजे. पण तिचं वय त्र्याहत्तर, घरी परतल्यावर दाराशी छत्र्या सरळ उभ्या, आणि तिच्या आणि त्या कुत्र्याच्या मधे फक्त एक खांब.

ती बाहेर आली.

कर्स्टीची तिच्याकडे पाठ होती. परीक्षक बाई रिंगच्या पलीकडच्या टोकाला एका काळ्या कुत्र्यापुढे वाकली होती. स्टॉटी बरोबर मेव्हिसच्या दिशेला तोंड करून उभा होता. व्हिपेट नाकापेक्षा डोळ्याने शिकार करणारा कुत्रा. शेतापलीकडचा ससा त्याला दिसतो, तर फिकट कोटातली मेव्हिस दिसायला कितीसा वेळ? त्याची नजर तिच्यावर आली आणि थांबली. एक कान उठला, मग दुसरा. मग शेपटाचं टोक हललं, आणि ते शेपूट पायांतून सुटून वर यायला लागलं. सगळं अंग हलायला लागलं.

"आहे गं बाई, आहे!" मेव्हिसच्या तोंडून निघालं. ती रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी डोळ्यांचं पारणं फिटलं तिच्या.

एवढ्यात परीक्षक बाई काळ्या कुत्र्यापासून सरळ झाली आणि वळली. कर्स्टीचे खांदे आखडलेले मेव्हिसला पाठमोरेच दिसले. पोरीला कळलं होतं की कुत्रा हातातून चाललाय.

आणि मेव्हिसचा हात पुढे आला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली गेला.

तिने तो केला असं म्हणवत नाही. तो झाला. शाळेतल्या पंगतींनी, विल्फच्या चिखलाच्या बुटांनी, सगळ्या आयुष्याने तो केला. रिंगबाहेरून इशारा करणं नियमात बसत नाही, पण त्या गर्दीत एका म्हातारीच्या हाताकडे कोण बघतं? बघितलं ते एकट्या स्टॉटीने. कान मागे पडले. शेपूट उतरलं आणि पायांत गेलं. परीक्षक बाई त्याच्यापुढे येऊन थांबली तेव्हा पाठीची रेघ अशी होती की पट्टी लावून आखावी.

बाईने बोट दाखवलं. स्टॉटी व्हिपेटांत पहिला!

आमच्या चादरीखालच्या मंडळींनी छप्पर डोक्यावर घेतलं. क्लिफने कुठल्यातरी अनोळखी माणसाचा मुका घेतला. मेव्हिस पुन्हा खांबामागे जाऊन उभी राहिली आणि आपल्या हाताकडे बघत बसली. दुसऱ्या कुणाचा असता तर तिने त्याला बोलून घेतलं असतं.

थोड्या वेळाने कर्स्टी धावत आली, डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेलं. तिने मेव्हिसला घट्ट मिठी मारली. "मावशी! शेवटी एक क्षण गेलाच होता गं हातातून! कशाने बिथरला कोण जाणे. मला वाटलं, संपलं. आणि मग आपला आपणच शांत झाला. रक्तातच आहे म्हणाली होतीस ना तू, खरंय बाई!"

"हं," मेव्हिस म्हणाली.

"आणि तू तिकडे खांबामागे एकटी, सगळा वेळ! मला ठाऊक आहे तुला किती जड गेलं असेल. चल, भेट आता त्याला. फक्त जपून हं. संध्याकाळी मोठी रिंग आहे, सगळ्या शिकारी जातींची. आत्ता उधळला तर आवरायचा नाही. आणि खायलाही काही देऊ नकोस, प्लीज."

मागच्या दालनात कुत्र्यांचे कप्पे ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाच्या नावाची पाटी लावून. लोक येऊन बघून जातात. स्टॉटी आपल्या कप्प्यात निळ्या रगावर वेटोळं घालून पडला होता. मेव्हिस पुढ्यात जाऊन उभी राहिली, कोटाची बटणं उघडी टाकून, हात दोन्ही बाजूंना सैल. खुब्याचा विचार न करता ती त्याच्यासाठी जमिनीवर बसायला तयार होती.

स्टॉटीने डोकं वर केलं, तिला बघितलं आणि तो उठला. उडी मारली नाही की नाचला नाही. त्याने चारी पाय नीट एका रेषेत मांडले, मान उचलली, कान मागे घेतले, शेपूट पायांत घेतलं आणि तो तिच्या उजव्या हाताकडे बघत उभा राहिला. त्याच्या अंगातून बारीक थरथर जात होती, अगदी जवळ असल्याशिवाय दिसू नये इतकी.

कर्स्टीचा चेहरा उतरला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "ओळखलं नाही वाटतं त्याने. मावशी, मनाला लावून घेऊ नकोस हं. दोन वर्षं झाली ना. कुत्र्यांचं असंच असतं."

मेव्हिसला सगळं कळत होतं. रिंगमध्ये तिने त्याला थांब म्हटलं होतं, ते त्याच्या लेखी अजून संपलं नव्हतं. थांब म्हणायची खूण तिने त्याला शिकवली होती, पुरे म्हणायची कधी शिकवलीच नव्हती. तेव्हा खिशात कलेजीचा तुकडा असायचा, तो दिला की झालं. आज खिशात डॉरीनचं सँडविच होतं. एक चिमूट अंडं दिलं असतं तरी पुतळा फुटला असता, आणि सगळ्या दालनाला दिसलं असतं कुणी कुणाला ओळखलं ते. पण मग कर्स्टीलाही कळलं असतं, की रिंगमध्ये तो का बिथरला आणि का शांत झाला.

"हो गं," मेव्हिस म्हणाली. "विसरला असेल."

"हात तरी फिरव ना."

मेव्हिसने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हलला नाही, फक्त डोळे मिटले. मग तिने कोटाची बटणं लावली, कर्स्टीच्या गालाची पापी घेतली आणि ती चालू पडली. ओळीच्या टोकाला तिने मागे वळून बघितलं. कर्स्टी रग थोपटून त्याला निजवायचा प्रयत्न करत होती, आणि तो उभाच होता.

बस वेळेवर सुटली. ड्रायव्हरचे तास भरतात, त्याला काही सबब चालत नाही. संध्याकाळची मोठी रिंग बघायची ती क्लिफच्या फोनवर. त्याने तो पुढच्या सीटच्या पाठीला टेपने चिकटवला आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मेव्हिसला मानाची जागा, अगदी समोर.

"आला! आला आपला!" डॉरीन ओरडली.

दिव्यांच्या झोतात, हिरव्या गालिच्यावर स्टॉटी उभा होता. रेघ तशीच. कर्स्टी त्याच्यापुढे हातातला खाऊ नाचवत होती, हसत होती, जीभ टाळूला लावून आवाज काढत होती. त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याची मान वळत होती, या बाजूच्या प्रेक्षकांकडे, मग त्या बाजूच्या.

"रचना निर्दोष," फोनमधला समालोचक सांगत होता, "बोट ठेवायला जागा नाही. पण आज कुत्र्यात जीव दिसत नाही. मालकिणीकडे बघतच नाहीये. गर्दीत काहीतरी शोधतोय तो."

परीक्षक त्याच्यापुढे थांबला, वाट बघितली, आणि पुढे एका मोठ्या केसाळ कुत्र्याकडे गेला. तो केसाळ आनंदाने नुसता उसळत होता. परीक्षकाने त्यालाच पुढे काढलं. मग आणखी तिघांना. स्टॉटी राहिला. पडद्यावर क्षणभर कर्स्टीचा उतरलेला चेहरा दिसला.

"हात्तिच्या!" शेवटी क्लिफ म्हणाला. "सकाळी वाघासारखा होता, आणि आता बघा. अरे, कुणाला शोधतोयस, गाढवा?"

"मला," मेव्हिस म्हणाली.

क्लिफला वाटलं, थट्टाच करतेय. "घ्या! म्हातारीचा तोरा बघा!" तो हसला, सगळी गाडी हसली, आणि कुणीतरी उरलेले सॉसेज रोल फिरवायला घेतले. डॉरीन तेवढी हसली नाही. तिने मेव्हिसच्या तोंडाकडे बघितलं, मग मांडीवरच्या हाताकडे, आणि जन्मात पहिल्यांदा ती गप्प बसली. फोनवर बाकीचे कुत्रे बक्षिसं घ्यायला पळत होते. मागे कोपऱ्यात, चित्र बदलायच्या आधी, स्टॉटी अजून उभा होता, शेपूट खाली.